गुरुवारचं झाकण

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चि. भाचीबाई,

मावशीचा आशीर्वाद घे आणि आधी माझी तक्रार नोंदवून घे. तुझ्या आईसाठी आणलेल्या सात खणांच्या औषधाच्या डब्याचं गुरुवारचं झाकण लागत नाही. बाकीचे वार निमूट मिटतात, हा एकटा तोंड वासून बसतो. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, गुरुवारची गोळी लवकर घ्या. अशा माणसांच्या हाती जनतेचं आरोग्य आहे.

फोनच केला असता, पण आमच्या ताईसाहेबांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं, आणि तुला काही कळवायचं नाही अशी ताकीद आहे. परीक्षा झाली की तू येणारच आहेस म्हणे.

तिच्या कॅप्सूलमध्ये काय असतं, असं तू मागे विचारलं होतंस. पित्तच असतं. तिच्या शरीरानंच यकृतातल्या बारीक नळ्या शत्रू समजून पोखरल्या. मग पित्त वाहायचं सोडून तुंबतं आणि यकृतालाच भाजत राहतं. कॅप्सूलमधलं आम्ल त्याच कुळातलं, पण मवाळ स्वभावाचं. ते जहाल मंडळींची गर्दी कमी करतं, तुंबलेल्याला वाट करून देतं. आपल्या घराण्यात असं एखादं माणूस असतं तर किती भांडणं वाचली असती! हे आम्ल पहिल्यांदा अस्वलाच्या पित्तात सापडलं. आता कारखान्यात बनतं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा ताई खाज सुटल्यानं अस्वलासारखी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी होती. म्हणाली, "तरीच." हसून हसून आम्ही दोघी खालीच बसलो.

खाज त्या कॅप्सूलनं फारशी जात नाही. पण वेळेत सुरू केली तर बहुतेक माणसं म्हातारी होऊन नातवंडांवर ओरडतात. खाज ही या दुखण्याची पहिली खूण, पण ताईच्या खाजेची ती वर्षं आम्ही सगळ्यांनी साबण बदलण्यात आणि तेलं चोपडण्यात घालवली. कॅप्सूल आली तोवर यकृतभर व्रण झाले होते. नवं यकृत बसवावं, तर तिचं हृदय ते ऑपरेशन सोसणार नाही.

हे सगळं मी लांबण लावण्यासाठी लिहिलं. आता लिहिते.

सोमवारी डॉक्टरांनी तिच्या पोटातलं पाणी काढलं, रिपोर्ट चाळले आणि हळूच म्हणाले, "या कॅप्सूल आता बंद केल्या तरी चालतील."

आजवर पेपरात लोकांवर तोंडसुख घेऊनच मी पोट भरलंय. तिथंही भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात ताईच म्हणाली, "चला, अस्वलाला सुट्टी." डॉक्टरांना काही कळलं नाही. मला हसता आलं नाही.

तेव्हा डबा रिकामा आहे. तरी आज सकाळी मी ते झाकण दाबत बसले होते.

परीक्षा पुन्हा देता येते, बाळा. पत्र मिळताच निघ.

लहानपणी आम्ही एका खाटेवर झोपायचो, तेव्हा करार होता: आधी तिनं माझी पाठ खाजवायची, मग मी तिची. तिचा नंबर येईपर्यंत मी घोरत असायचे. ती कधी कुरकुरली नाही. आत्ता भर दुपारी ती माझ्याकडे पाठ करून पडली आहे, म्हणूनच हे लिहिता येतंय. मी नखं कापून टाकलीत. कातडी फार पातळ झालीय तिची. तळव्यानंच चोळते. ती "अजून वर" म्हणते, मी वर जाते.

शेवटच्या ओळींचं अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. उजवा हात तिच्या पाठीवर आहे.

तुझी,
मावशी