आरतीवाचून उठलेला डाव

रवि. ७ डिसें.
बदनापूर, मकरंदची खोली. दर रविवारचा सोंगं घेऊन, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ. म. गोष्ट रचतो आणि राक्षस सोडतो, शीतल तलवार चालवते, मी शाहीर. शाहिराने लढायचं नाही. मागे उभं राहून गायचं, बोलायचं. त्या धीरावर लढणाऱ्याला एक फासा जास्तीचा मिळतो. पाल दिसली की खुर्चीवर चढणाऱ्या बाईला याहून बरं काम कुठे मिळणार!

आज गुहेत अजगर. शीतल मरायला टेकली. गाणं सुचेना. टेबलावर संबळाचा ठेका धरला आणि तोंडाला आलं ते म्हटलं, "पिंपळगावच्या रेणुकामाय, गोंधळाला ये!" आईच्या माहेरची देवी. घरच्या प्रत्येक लग्नात गोंधळ्यांकडून ऐकलेलं. शी.ने फासा टाकायच्या आत घरमालकीण धावत वर. "कोणाच्या अंगात आलं गं?" हसून पुरेवाट. डाव तसाच टाकून चहाला गेलो.

सोम. ८
ऑफिसला जाताना गाडीत एकदम लक्षात आलं. गोंधळात देवीला नावाने बोलावलं की आरती करूनच निरोप द्यायचा. मधून उठायचं नाही. आम्ही बोलावलं आणि चहाला गेलो. खेळातलं होतं. पण नाव खरं होतं ना.

गुरु. ११
आईचं पोट दुखत होतं म्हणून जालन्याला दाखवलं. गाठ आहे. मंगळवारी काढणार. कसली, ते काढून तपासल्यावरच कळेल. आईचं एकच, "दवाखान्यातला चहा लई पांचट."

म.ला फोन केला. "येडी हायेस का वैशे? गाठ कव्हाची, तुझा गोंधळ रविवारचा." बरोबर आहे. डोक्याला पटतं. पण मनातून जात नाही.

शनि. १३
आईला सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. मेथी निवडत तिने विचारलं, "त्या खेळात तुझं काम काय असतंय?"

सांगितलं.

"म्हंजे तू लढत न्हाई."

"न्हाई."

"नुसती बोलती, अन् लढणारीला जोर येतो?"

"हो."

मेथीची पुढची जुडी सोडली. मग म्हणाली, "मंगळवारी मला आत नेईपर्यंत बोलत राह्य. तुझे बाबा तर मुके होऊन राह्यले. अन् उद्या जल्दी आरती करून टाक. बोलावलेल्याला ताटकळत ठेवू न्हाई."

मला कसलं बोलता येतंय.

रवि. १४
शी.ने घरून तबक आणि कापूर आणलेला. म.ने चक्क टेबल पुसलं होतं. डाव तिथूनच सुरू. शी.ने माझा जास्तीचा फासा टाकला. अजगर मेला.

आता आरती. कापूर ठेवला. मी काडी ओढली आणि फुंकून टाकली.

"काय झालं गं?" शी.

म्हटलं, आरती झाली की ती जाणार. मंगळवारच्या आधी तिला कशी जाऊ देऊ?

कोणी हसलं नाही. म.सुद्धा नाही, जो रोज देव आहे का यावर वाद घालतो. शी.ने कापूर पुडीत बांधून माझ्या पर्समध्ये टाकला. मागच्या रविवारी नकळत झालं होतं, आज मी जाणूनबुजून तिला अडवून ठेवलंय. कोपली तर? आईवर कोपली तर? घरी आई झोपलेली होती. बरं झालं, विचारलं नाही.

मंगळ. १६
जालन्याचा दवाखाना. सकाळपासून आईशी बोलत होते. बोअरचं पाणी, शेजारणीची मांजर, अजगर कसा मेला. आवाज चिरकत होता, तरी बोलले. आईने बांगड्या काढून बाबांच्या रुमालात दिल्या. स्ट्रेचर दाराशी आल्यावर म्हणाली, "आरती केली का?"

"न्हाई."

मेले आता, बोलणी बसणार.

"बरं केलं," म्हणाली. आत नेलं.

आता बाहेर बाकावर. भीती वाटते. एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हाताची बोटं बाकावर आपोआप ठेका धरताहेत, समोरचे लोक बघताहेत. बघू देत. बाबा अजून एक शब्द बोललेले नाहीत, पण मघापासून रुमाल मांडीवर ठेवून तेही बोटांनी तोच ठेका धरून आहेत. कापूर पर्समध्ये आहे. एवढ्यात काढणार नाही.