तान्ह्या पोळ्याचं बोलावणं

सौंसर (म. प्र.),
रविवार, दि. १४ सप्टेंबर १९८६

आदरणीय गुरुजींना गुणवंता कळंबेचा साष्टांग नमस्कार.

घरी यमुना, पोरं, म्हैस, सगळी बरी आहेत. गणपती बसले आहेत, त्यामुळे कापसाच्या जिनात सध्या अर्धा दिवस काम. नागपूरला सुनबाईंच्या हातचं तुम्हाला मानवलं असेल. गुडघे कसे आहेत ते लिहा. मागच्या कार्डात ते राहून गेलं होतं.

आता शाळेची महिन्याची खबर, तुम्ही सौंसर सोडल्यापासून देतो तशीच. आधी दर्जसंख्या. मराठी वर्गात पहिलीला यंदा एकतीस पोरं बसली. मागच्या साली एकोणीसच होती, आणि हा वर्ग मोडून हिंदीत मिळवतात की काय, अशी धास्ती पडली होती. ती टळली. श्रेय मनोहर मास्तरला देतात. तो संत्र्याच्या बगीच्यांतल्या मजुरांच्या घरोघर गेला, मोहगावपर्यंत सायकल हाणली. गेला हे खरं आहे. पण एकतिसातली दोन पोरं पुरती पाच वर्षांचीही नाहीत, आणि एक पोरगी मनात आलं तरच येते. हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

वऱ्हांड्यात गळत होतं तिथे नवा पत्रा ठोकला. तिरपा ठोकला.

तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा, यंदा शाळेच्या आवारात झाला. कल्पना मनोहरचीच. "आपली रीत पोरांले शाळेतच दिसली पाह्यजे," म्हणे. गाणाऱ्या देवकाबाईला बोलावून त्याने मुलींकडून झडत्या बसवून घेतल्या. तोरणाखाली आजवर पुरुषांनीच एकमेकांना जोडओळींतून टोले हाणत झडत्या म्हटल्या, आणि गावात झडती म्हणजे गुणवंता, हे तुम्हाला माहीत आहे. मला कोणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं. "भाऊ, तुमी बी म्हणा ना एखादी." एखादी!

लाकडी बैलांची परीक्षा मी करत आलो. शिंगं कोरलेली की नुसती खिळ्याने ठोकलेली, चारही चाकं सारखी फिरतात की नाही, सगळं उचलून बघायचो. यंदा परीक्षाच नाही. सगळ्या पोरांना सारखा खाऊ. मग बापाने बैल कोरायचा कशाला, बाजारातला आणला तरी तेच.

कार्यक्रम चांगला झाला. मुलींचे आवाज तोरणापार गेले, म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. चांगला झाला, लिहिलं.

मांडवात मधोमध एक खुर्ची होती, शाल टाकलेली. तिच्यावर शेवटपर्यंत कोणी बसलं नाही. ती तुमची होती.

तुम्ही का आला नाहीत, हे मी विचारत नाही, गुरुजी.

पालक समितीच्या सभेत ठरलं होतं की तान्ह्या पोळ्याचे अध्यक्ष तुम्हीच. कोणी म्हणालं, छापील पत्रिका पाठवू. मनोहर म्हणाला, "पत्रिका कायले? गुणवंताभाऊ दर महिन्याले लिहितेतच गुरुजीले. त्याइच्या पत्रातून गेलं म्हणजे घरचं बोलावणं झालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझं ऑगस्टचं पत्र तुमच्याकडे असेल. त्यात वर्गात निघालेला साप आहे, पंधरा ऑगस्टचे लाडू आहेत, ते कमी पडले हेही आहे. तान्हा पोळा नाही.

विसरलो नव्हतो.

जुलैत मनोहरला तुमचं कार्ड आलं. "शाबास पोरा, माझी शाळा राखलीस." त्याने ते सगळ्या मास्तरांना वाचून दाखवलं, नंतर मला बोलावून पुन्हा वाचलं. मला तुम्ही लिहिता, "पत्र पोचले. माहिती मिळाली." तो तुमच्या वर्गात बसलेला आहे, मी नाही. मी अक्षरं जिनात शिकलो, कापसाच्या गाठींवरचे छाप वाचून, कोणाच्या छडीशिवाय, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण 'माझे गुरुजी' असं तो म्हणतो तेव्हा कोणी मान वर करत नाही. मी म्हटलं की लोक विचारतात, "तू कोणत्या साली होता गा त्याइच्या हाताखाली?"

तुम्ही त्या खुर्चीवरून उठून त्याच्या पाठीवर हात ठेवणार, हे मला पत्र लिहिता लिहिताच दिसत होतं. तिथून पेन पुढे सरकलं नाही. मग मी सापाचं लिहिलं.

पुढचं तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये. तुमची वाट पाहून लोक कंटाळले, तेव्हा कवडू बंडीवाला तोरणाखाली उभा राहिला. त्याचं तोंड तुम्हाला ठाऊक आहे. जागच्या जागी जोडलं त्यानं :

"बैल आले सजूनधजून, खुर्ची राह्यली खाली,
नागपूरच्या पाण्यानं गुरुजीले गर्मी आली!"

सगळा मांडव हसला. मीही हसलो, गुरुजी.

मनोहर हसला नाही. तो म्हणाला, "कवडूभाऊ, शब्द वापस घ्या. गुरुजी बोलावणं टाळणारे नोहेत. बिमार असतीन."

"मंग दोन ओळी लिहाले का हात दुखत होते?"

तेव्हा मनोहर माझ्याकडे वळला. "भाऊ, काही उत्तर आलं का जी गुरुजीचं?"

मी म्हटलं, "नाही आलं."

शब्द न् शब्द खरा होता. मी खोटं बोलत नाही, हे गावाला माहीत आहे. म्हणूनच सगळ्यांनी मान्य केलं. आता बाजारात, पारावर तीच झडती चालू आहे. तुमच्या नावाला ही माजाची गर्मी चिकटली ती माझ्यापायी.

मनोहरला तुमच्या तब्येतीची काळजी लागून राहिली आहे. येत्या रविवारी पहिल्या बसने तो तुमच्याकडे निघाला आहे. मलाही म्हणाला, "भाऊ, चला तुमी बी, गुरुजीले बरं वाटन." मी कामाचं कारण सांगितलं. तो पोचला की तुम्ही म्हणाल, बोलावणं कसलं? म्हणून हे पत्र आधी. त्याच्या आधी मीच तुमच्यापर्यंत पोचावं, यातही माझी तीच जुनी खोड आहे, हे मला कळतं.

पण आता मी येतो आहे. बसमध्ये त्याच्या शेजारी बसेन आणि सावनेर यायच्या आत त्याला सांगेन. दोघं दारात दिसलो तर समजा, सांगून झालं. तो एकटाच दिसला तर समजा, मी सावनेरला उतरलो. मग मला उत्तर लिहू नका.

आणि दोघं आलोच, तर आधी त्याच्याच पाठीवर हात ठेवा. मी पाहीन.

म्हणवून घेता येईल तोवर तुमचा,
गुणवंता