कोऱ्या वहीतलं पहिलं नाव

मच्छे, मंगळवार

ती. जिनेंद्रमामांना,

रूपाली पाया पडते, पण एकाच हातानं. दुसरा गळ्यात बांधला आहे. घाबरू नका (मी घाबरले आहे, तेवढं पुरे). तुमचा गुडघा कसा आहे? कमलामामी फिरायला नेतात ना? फोन केला असता, पण मामी आवाजावरून सगळं ओळखतात.

या फौंड्रीत अपघातांची नोंदवही माझ्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी नियमांचं पुस्तक जवळजवळ पाठ केलं. पण वही कोरीच. खंडेनवमीला मशिनींबरोबर तिचीही पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं, आणि तेव्हापासून पहिलं नाव द्यायला कोणी तयार नाही. माणसं बोट कापून येतात, पट्टी बांधून घेतात आणि मी पेन उघडलं की पळतात. साच्यात लोखंडाचा रस ओतताना भरमूकाकांचं पाऊल भाजलं. मी परोपरीनं समजावलं, की नोंद नसेल आणि उद्या पाय चिघळला, तर तो कामावर भाजला हे कोण मानणार, रजा कशी मिळणार? ते म्हणाले, "आक्का, पुजलेल्या वहीत पयलं नाव जखमेचं नको. वरीसभर सगळ्यास्नी भोवंल." (अपघाताच्या वहीत दुसरं कशाचं येणार, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे लहान पोरीकडे बघावं तसं बघितलं.)

काल सकाळी फाटकावरच्या 'अपघाताविना दिवस' या फळ्यावर एकशे चौऱ्याऐंशीचा आकडा लिहायला मी स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. मनगटाच्या हाडाला चीर गेली. उचलायला आलेले भरमूकाका हळूच म्हणाले, "आमी काय बघितलं न्हाय, आक्का." मामा, मला क्षणभर ते पटलं, याचीच लाज वाटते. कारण अण्णांची अट तुम्हाला माहीत आहे: कारखान्यात नुसतं खरचटलं तरी नोकरी बंद आणि चिकोडीचं स्थळ पक्कं.

शेवटी डाव्या हातानं पहिल्या ओळीत माझंच नाव लिहिलं (हे पत्रही त्याच हाताचं, अक्षराला हसू नका). दुपारपर्यंत दारात रांग लागली. पहिलं नाव पडलं, आता जे भोवायचं ते आक्कालाच भोवेल, असं म्हणत नऊ जणांनी जुन्या जखमा लिहून घेतल्या. भरमूकाका सर्वांत पुढे. मॅनेजरसाहेबांनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "सहा महिन्यांत एक नाही, आणि एका दिवसात दहा?" शुक्रवारी तपासणीला अधिकारी येणार आहेत. जखमेची तारीख आणि नोंदीची तारीख मी वेगवेगळी, खरी लिहिली आहे. तरी जेवण जात नाही.

तुमची,
रूपाली

ता.क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी: आईअण्णांना सांगा, रूपाली खोलीवर मोरीत घसरली.

ता.क. २. वरची ओळ खोडलेली नाही, कारण नोंदीत खाडाखोड करायची नसते. पण ती धरू नका. जे झालं तेच सांगा. फक्त अण्णांचं जेवण झाल्यावर.