मनगटावरच्या चार खुणा

मुलुंड (पूर्व)
रविवार, २२ नोव्हेंबर १९८७

प्रिय शकु,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझी भावजय, दोघंही तुला फार त्रास देत नसतील अशी आशा करते. मी ठीक आहे. परवा हॉस्पिटलमधून घरी आले. पलंगावर पडूनच लिहिते आहे, त्यामुळे ओळी उतरत्या जातील. आपल्या शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टाने पाहिलं असतं तर पान फाडून पुन्हा लिहायला लावलं असतं.

विक्रोळी स्टेशनबाहेरचं ते उसाच्या रसाचं दुकान तुला आठवतं? सदुसष्टचा मार्च होता. तू रसवाल्याला म्हणालीस, "एक बिनबर्फाचा दे. हिला आज गार नको." मला गारच हवा होता, म्हणून मी रुसून बसले. तू ग्लास उचललास तेव्हा तुझं घड्याळ वर सरकलं आणि खाली मनगटावर चार लाल खुणा दिसल्या, नखाएवढ्या. मी विचारलं, "दुखतंय का गं?" तू म्हणालीस, "गप रस पी. माका सवय आसा." तुझी मालवणी मला चिडवायला किंवा माझी समजूत घालायलाच बाहेर यायची. त्या दिवशी कशाला आली होती ते मी विचारलं नाही.

त्या खुणांचं पुढे लिहिते. आधी आजारपणाचं सांगू दे.

पाच-सहा वर्षं लघवीला जळजळ होत होती. धने-जिऱ्याचं पाणी, बार्लीचं पाणी, वाळ्याचं सरबत, सगळं झालं. डॉक्टरकडे गेले नाही. सांगणार कसं? जीवशास्त्राच्या पुस्तकातली ती दोन पानं सिस्टरनी खळीने चिकटवून टाकली होती. तू ती चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून उघडलीस, पण मी बघितली नाहीत. तू बघितलीस आणि नर्स झालीस. मी इंग्रजीची मास्तरीण व्हायचं ठरवलं.

या दिवाळीत रक्त गेलं तेव्हा मृणालने मला ओढतच घाटकोपरला नेलं. मृणालिनी, माझी धाकटी. दोघे मुलगे आपापल्या संसारात आहेत. घरात आता ती आणि मीच. एकोणीस वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस.

डॉक्टर तरुण आहेत, डॉ. भीमराज कांबळे. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. मूत्राशयात लिंबाएवढा खडा, आणि त्याच्या आत पांढरं, नागमोडी काहीतरी. ते म्हणाले, "मावशी, मूल राहू नये म्हणून तुम्ही कधी लूप बसवला होता?"

मृणाल माझी पर्स धरून शेजारी उभी होती. मी म्हणाले, "आठवत नाही."

तिला फॉर्म आणायला पाठवलं आणि मग सांगितलं, हो, वीस वर्षांपूर्वी.

"मग हा तोच," ते म्हणाले. "गर्भाशयाच्या भिंतीतून हळूहळू सरकत इकडे आला. त्याच्यावर क्षार बसत गेले. लूपचा दोरा दिसेना झाला की त्या काळी सगळे समजायचे, पडून गेला."

मी विचारलं, "पोट फाडावं लागेल?"

"छे. आता त्याची गरज नाही. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालायची, आत बघत बघत चिमट्याने खडा फोडायचा, चुरा पाण्याने धुऊन काढायचा. लूपही त्याच वाटेने बाहेर. टाका एकही नाही. चार दिवसांत घरी."

तसंच झालं. पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं सगळं माझं नाहीसं झालं. खडा फोडताना सुपारी कातरल्यासारखा आवाज येत होता, की मला भास झाला, कोण जाणे. तासाभराने त्यांनी एक छोटी काचेची बाटली माझ्यासमोर धरली. आत लूप होता. पिवळा पडलेला, एका टोकाला खड्याची खपली तशीच. दोन्ही दोरे शाबूत.

तिसऱ्या दिवशी, लघवीची नळी अजून लावलेली होती, तेव्हा वॉर्डातली आया चादर बदलायला आली. द्रौपदीबाई. तू ओळखतेस तिला. बाटली बघून म्हणाली, "अगोबाई, हे घेऊन फिरत होता होय? मी विक्रोळीच्या सेंटरला होते ना, तेव्हा रोज बघायचे. औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असायचे." मग चादर खोचता खोचता स्वतःशीच बोलावं तशी बोलत राहिली. "तिथे एक शकुंतलाबाई होत्या, नर्स. एक नंबर बाई. कुणीतरी वाट लावली बिचारीची. अर्ज केला, की लूप बसवलाच नाय, सरकारी आकडा भरायला नुसतं नाव लिहिलं. चौकशी लागली. सापडलं काय नाय, पण बाईंना जव्हारला धाडलं. इकडे आई अंथरुणात. शेवटचं तोंडपण बघायला नाय मिळालं."

मी विचारलं, "कोणी केला अर्ज?"

"कुणाच्या तरी नवऱ्याने. पण अक्षर बाईमाणसाचं. इंग्लिशमध्ये, छापल्यासारखं. साहेबांनी कागद पुढे सरकवला, म्हणाले, ओळखता का? मी चहा घेऊन तिथेच उभी. बाई लय वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे. बस, एवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुशीवर व्हा बघू जरा."

मी कुशीवर झाले. तिने विचारलं, दुखतंय का, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. मी हो म्हणाले.

शकु, नंदकिशोरना जाऊन तीन वर्षं झाली. तू तो अर्ज त्यांचाच समजत असशील, अशी मी इतकी वर्षं मनाची समजूत घालून घेतली होती. सही त्यांचीच होती. सही करण्यापूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "तुला नक्की काही जाणवलं नव्हतं?" मी नाही म्हणाले. तसंच अर्जातही लिहिलं: पडद्यामागे झोपवलं, थोड्या वेळाने उठा म्हणाले, काहीही बसवल्याचं जाणवलं नाही.

मला कळ आली होती. डोळ्यांपुढे अंधारी यावी एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं, झालं. आणि तू माझा हात धरलेला होतास, तुझ्या मनगटात माझी नखं रुतली. त्या चार खुणा. अर्ज लिहिताना त्या मला आठवत होत्या. आठवत असतानाच मी ते वाक्य लिहिलं, आणि पुन्हा वाचून स्वल्पविराम नीट केला.

का केलं, ते तुला थोडं माहीत आहे. जूनमध्ये शाळेत लागले होते. पहिल्यांदाच कुणी मला माझ्या नावाने 'मिस' म्हणत होतं. त्याच नोकरीसाठी तर मार्चमध्ये तुझ्याकडे आले होते. ऑगस्टमध्ये दिवस गेल्याचं कळलं आणि दिवाळीनंतर मुख्याध्यापिकाबाईंनी गोड बोलून घरी बसवलं. कुणावर तरी राग काढायचा होता. तू धावत घरी आलीस. म्हणालीस, "वसू, दोरा मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. पडला असेल, नाहीतर आत गेला असेल. बाळंतपण होऊ दे, मग आपण फोटो काढू." मी तुला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तो फोटो मी वीस वर्षांनी काढला.

आणखी एक आहे. तो अर्ज तू वाचला आहेस, तेव्हा तुला ठाऊक आहे. पोटातल्या बाळाला मी त्यात काय म्हटलं होतं. 'या निष्काळजीपणाचा दुष्परिणाम.' इंग्रजीत ते फार सभ्य वाटतं. त्या दुष्परिणामाने परवापर्यंत तीन दिवस माझ्या नळीची पिशवी रिकामी केली, रोज किती झाली ते कागदावर लिहून ठेवलं, आणि नाक मुरडलं नाही. मला खिचडी भरवताना म्हणाली, "आई, लूप म्हणजे काय ते मला माहीत आहे. कॉलेजात सांगतात. मी विचारत नाहीये, तू झोप."

तिला तारखा जुळवता येतात, शकु. तिला फक्त तो शब्द माहीत नाही.

माफी मागण्याइतकं बळ आत्ता माझ्यात नाही, आणि ती मागून तुला पुन्हा काहीतरी द्यायला लावण्याचा हक्कही नाही. तुझ्या आईच्या हातची सोलकढी मी किती वेळा प्यायले आहे. तिच्या शेवटाबद्दल मी इथे काही लिहीत नाही, ते लिहिण्याजोगं नाही.

मृणाल उद्या सांताक्रूझला येईल. तुझा पत्ता आणि तुझी खबरबात मी नंतर द्रौपदीबाईकडूनच काढून घेतली. तिच्याजवळ एक चिकटवून बंद केलेलं खाकी पाकीट असेल, हे पत्रही त्यातच. त्यातली बाटली तुझी. ठेव, कुणाला दाखवायची असेल तर दाखव, नाहीतर समुद्रात फेकून दे. एक्स-रे मृणालचा, बघून तिच्याकडेच परत दे, तिच्या प्रकृतीच्या कागदांत राहील, आपल्या आईला काय झालं होतं ते पोरीला माहीत असावं. इंग्रजीतलं एक पत्र आहे, तुझ्या जुन्या खात्याला लिहिलेलं: तक्रार खोटी होती, तक्रार करणारी मी होते. त्याला पाकीट लावलेलं आहे, तिकीट चिकटवलेलं नाही. टाकायचं की नाही, ते तू ठरव.

हे पत्र मात्र शेवटी मृणालचंच आहे. मी आहे तोवर नको, तेवढं धैर्य माझ्यात नाही. तोवर तू सांभाळ. माझ्यामागे तिला दे, आणि ती वाचत असताना तिच्या शेजारी बस. तो शब्द येईल तेव्हा तिचा हात धर. नखं रुतली तर रुतू देत. तू सोडत नाहीस, हे मला माहीत आहे.

उद्या तिला जेवल्याशिवाय पाठवू नकोस. कुळथाची पिठी तिला आवडते, तुझ्या हातची तिने कधी खाल्ली नाही.

अक्षर तू ओळखलंच असशील, तेव्हाही ओळखलं होतंस. तरी या वेळी खाली सही माझी मीच करते.

तुझी,
वसुधा