कुंकू लागलेलं बटण

प्रिय अप्पा,

सोमवारी तुमच्या ऑफिसातल्या जुन्या युनिक्स संगणकाचं मशीन भंगारात जाणार आहे, म्हणून लिहिते आहे. एरवी मी पत्र लिहिणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

नवीन जालन्यातल्या तुमच्या बियाणे कंपनीने मला बोलावलं, कारण मी तुमची मुलगी आणि संगणक शिकलेली. बियाण्याच्या उगवणीच्या तुमच्या सगळ्या नोंदी त्या मशीनमध्ये आहेत. फाइली उचलून दुसरीकडे नेल्या, तर तुमच्या प्रोग्रॅमशिवाय त्या वाचता येत नाहीत. आणि हिरव्या अक्षरांचं तुमचं टर्मिनल, म्हणजे मशीनला जोडलेला तो पडदा आणि कीबोर्ड, कायमचं बंद पडलंय.

मी पीसी जोडला. त्यावर तुमच्या टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्रॅम बसवला. आधी चौकटीच्या रेघांच्या जागी नुसते क्यू आणि एक्स! अक्षरसंच बदलला, तेव्हा रेघा आल्या. तुमचा मेनू जसाच्या तसा उमटला. मी उठून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

पण शेवटचं पान! 'सर्व नोंदी बाहेर काढण्यासाठी नेहमीचे बटण दाबा.' नेहमीचं कुणाचं, अप्पा? एवढे काटेकोर तुम्ही, मग नेमकं इथेच नाव का लिहिलं नाहीत? मी सगळी बटणं ओळीने दाबली. पडदा हलत नाही.

काल साहेबांसमोर माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पांना विचारून सांगते." साहेबांनी भिंतीवरच्या तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

आज गोदामातले रंगनाथकाका डबा खाता खाता म्हणाले, "बटणाचं मला काय कळतंय, माय! पण खंडेनवमीला तुझे वडील त्याला कुंकू लावायचे. आम्ही लई हसल्तो. तर म्हणले, ट्रॅक्टरची पूजा करता, मंग माझ्या बटणाची का न्हाई?"

"सगळ्या कीबोर्डला लावायचे?"

"बिलकुल न्हाई! एकालाच. 'दिवसाचं काम हेच बाहेर काढतं,' म्हणायचे. बाकीची रुसली तरी चालत व्हती त्यांना."

जुना कीबोर्ड मी भंगाराच्या ढिगातून ओढून काढला. आकड्यांच्या बटणांच्या वर, डाव्या कोपऱ्यात एक बटण. त्याच्यावरचा छाप पुसलेला, फटीत काळपट कुंकू. पीसीवर त्याच जागी नम लॉक असतं. ते दाबलं की कीबोर्डवरचा दिवा तेवढा लागतो, तुमच्या मशीनपर्यंत काहीच पोचत नाही. आता नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बटणांची मांडणी बदलून ते तुमच्या बटणाच्या जागी लावलं आहे. पोचेल.

अजून दाबलेलं नाही. नोंदी निघाल्या की हे मशीन ठेवायला कारण उरणार नाही. तुम्ही लिहिलेलं वाक्य अजून कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतं, अशी ही एकच जागा राहिली आहे. ती मीच बंद करायची? काय करू, अप्पा? सांगा ना!

उद्या सकाळी दाबीन. निघालेली प्रत्येक ओळ तुमच्यासारखी बोट ठेवून तपासेन, एकही सुटू देणार नाही. पण त्याआधी नम लॉकला कुंकू लावीन. हसू देत सगळ्यांना.

तुमची,
मनीषा