नारळ मी फेकला होता

चि. सिद्धेशभावजींना वाकोल्याहून माधुरीवहिनीचे आशीर्वाद. इकडे आईंचा गुडघा आणि तुमच्या दादांचा खोकला आपापल्या जागी आहेत. दिंडोशीला तुम्ही दोघं मजेत असालच, नसायला काय झालं. (एरवी मी तुला अरे-तुरे करते. आज रागावलेय म्हणून अहो-जाहो चाललंय, हे लक्षात यावं.) मेसेज केला असता, पण तुझा फोन आधी अक्षता वाचते, म्हणून पोस्टाने. आणि अहो-जाहो इथेच सोडते, त्यात नीट भांडता येत नाही.

रविवारी तुझ्या कार्टून मालिकेचा तो बोटीवरचा भाग टीव्हीवर लागला. शेजारच्या संघमित्राला मी मुद्दाम बोलावून बसवलं होतं, पोह्यांवर ओलं खोबरं घालून. तिला सांगून ठेवलं होतं की लिहिणारे आमचे धाकटे भावजी, आणि ही आमचीच गोव्याची क्रूझ. आई हुबेहूब, चष्म्याच्या दोरीसकट. दादा पण झकास, घोरणं तर त्यांनाच बोलावून रेकॉर्ड केल्यासारखं. सगळे बोटीवर चढले, मी आपली शिडीकडे बघत राहिले, मागून येत असेन म्हणून. संघमित्रा दर दोन मिनिटांनी विचारत होती, यात तू कुठली गं? मी म्हटलं, येईन ना, थांब. शेवटी नावं सरकायला लागली तरी मी आलेच नाही. तेवीस वर्षं या घरात आहे मी. चष्म्याच्या दोरीला जागा मिळाली, मला नाही.

बरं, नाही तर नाही. पण नारळ? विसरला असशील तर सांगते. बॅगा तपासणाऱ्यांनी सुक्या बांगड्यांचं पाकीट काढून घेतलं, तरी नारळ मी देवाचा आहे म्हणून सोडवून आणला. निघताना दर्याला नारळ द्यायचा, हे आपल्या घरात मलाच सुचतं. दादांनी अकराव्या मजल्यावर गाऱ्हाणं घातलं, तू, मी आणि आई 'व्हय म्हाराजा' म्हणालो, आणि मी नारळ फेकला. बोटीला खाली आणखी गच्च्या असतात आणि त्या बाहेर आलेल्या असतात, हे मला कोणी सांगितलं होतं? तो गेला नवव्या मजल्यावरच्या पोहायच्या तलावात. (आत कोणी नव्हतं, काठावरच्या एका गृहस्थांचा चहा तेवढा सांडला.) कोणीतरी ओरडलं की माणूस पडला. भोंगे वाजले, बोट पाऊण तास अडली आणि कप्तानासमोर उभं राहून माफीपत्र मी लिहून दिलं, तेही इंग्रजीत. तेव्हा अक्षता कुठे होती? केबिनमध्ये आडवी. बोट बंदरात उभी असतानाच तिला बोट लागली होती.

आणि तुझ्या भागात नारळ फेकते अक्षता. पदर उडतोय (त्या दिवशी ती गाऊनमध्ये होती), कंबर एवढीशी, नारळ बरोबर समुद्रात पडतो आणि कप्तान टाळ्या वाजवतो. सिद्धेश, मला हेवा वाटला, लिहूनच टाकते. सख्ख्या जावेच्या चित्रावर जळणारी बाई अख्ख्या वाकोल्यात मी एकटीच असेन. मुलुंडच्या आत्याबाईंनी तर मला फोन करून सांगितलं की अक्षताकडून शिक जरा, देवाधर्माचं कसं लक्षात ठेवते. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तासभर भांडी घासली. भांडी आधीच घासलेली होती.

अक्षताला यातलं काही सांगू नकोस, नुसते आशीर्वाद सांग. तब्येतीला जप, वेळेवर जेव.

रागावलेली, तरी तुझीच,
माधुरीवहिनी

ता. क. पुढच्या एखाद्या भागात मला घे. छोटं काम चालेल. साडी मोरपंखी दाखव. कंबर अक्षताची काढून ठेवली आहे तीच वापर, तुम्हा लोकांना पुन्हा त्रास नको.

आणखी एक ता. क. दादांनी आत्ता हे सगळं वाचलं आणि म्हणाले, "अगं, जूनमध्ये तो विचारायला आला होता ना? तूच म्हणालीस, मला नको काढू, लोक हसतील." आला होतास. म्हणाले होते मी. पण भात वाढताना तू तीनदा नको म्हणतोस, मी कधी ऐकलंय का रे? आणि मी एकदा नको म्हटलं, तर तू चहा पिऊन खरंच निघून गेलास.