मुखपृष्ठावरचा डावा हात

मुलींचे वसतिगृह, वर्धा
४ जानेवारी २०२६

ती. रुख्मिणीआत्यास,
काजलचा सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून तू आधी घाबरशील, मग हसशील. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगितलं तर सगळं वसतिगृह ऐकेल, म्हणून कागद घेतला. चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नकोस, तू आता निवृत्त झालीस.

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी यंदा माझं मुखपृष्ठ निवडलं, हे आईनं तुला सांगितलंच असेल. अंकाचा विषय 'कामाचे हात'. मी एकच हात काढला. उताणा डावा हात आणि तळव्यावर कपाशीचं फुटलेलं बोंड. सोबत रंगीत प्रत ठेवली आहे, सावकाश बघ. हाताला करंगळी नाही. हात कोणाचा, ते तुला सांगायला नको. बाबांना मी विचारलेलं नाही.

छपाईआधी चित्र वाचनालयाच्या फळ्यावर लावून सगळ्यांचे अभिप्राय मागवले होते. पहिले दोन दिवस बरे गेले. कोणी लिहिलं अंकाचं नाव मोठं करा, कोणी लिहिलं मागचा मातकट रंग उदास वाटतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी चिठ्ठी लावली, की बोटं मोजा. एआयनं काढलेल्या चित्रात बोटं चुकतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुपारपर्यंत कॉलेजभर झालं की काजलनं चित्र मशीनकडून काढून घेतलं. अंकाची संपादक ईरा माझ्या शेजारच्याच खोलीत राहते, तीही आता माझ्याशी मोजून मापून बोलते.

अंकाच्या समितीवरच्या मीरा मॅडमनी मला बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "करंगळी तुटलेली असेल तर तिथं व्रण दिसायला हवा. इथं तर ती कधी नव्हतीच असं वाटतं." कच्ची चित्रं दाखव, नाहीतर ज्याचा हात आहे त्याचा फोटो आण, असं त्यांनी सांगितलं. चित्र मी थेट कॉलेजच्या कॉम्प्युटरवर काढलं, कच्चं काहीच नाही. सोळा तारखेला अंक छापखान्यात जाणार. तोवर काही दिलं नाही तर मुखपृष्ठ बदलणार आणि फसवणुकीची तक्रार प्राचार्यांकडे जाणार.

फोटो कुठून आणू? बाबांच्या प्रत्येक फोटोत तो हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली आहे. जेवताना मांडीआड, लग्नकार्यात खिशात. लहानपणी मी एकदा तो धरायला गेले होते, तर दिवसभर ते माझ्याशी बोलले नव्हते. आणि जे त्यांनी घरात दाखवलं नाही ते मी हजार प्रतींवर छापायला निघाले. प्राचार्यांची भीती जास्त वाटते की बाबांची, माझं मलाच कळत नाही.

पाचवं बोट जोडून मोकळी होऊ का? दहा मिनिटांचं काम आहे. लवकर कळव.

तुझी माया आजवर आहे तशीच या पत्रानंतरही राहू दे.
तुझी,
काजल


आर्वी
७ जानेवारी २०२६

चि. काजल हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्रात तीन चुका आहेत, भेटशील तेव्हा सांगेन. अक्षर मात्र सुधारलं आहे. तुझी आई सांगत होती की मेसचं वरण पाण्यासारखं आहे म्हणून तू नुसती पोळी खाऊन उठतेस. असं करू नकोस. उपाशी पोटी चिंता दुप्पट होते.

पाकीट उघडलं आणि चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मला बोटं मोजावी लागली नाहीत. अंगठा असा बाहेर काढून ठेवायची सवय आमच्या घरात रूपरावशिवाय कोणाला नाही.

तुला सगळी हकिकत कोणी सांगितलेली नसणार. तुझा बाप बावीस वर्षांचा होता, हंगामापुरता इथल्या एका जिनिंग कारखान्यात कापसातली सरकी काढायच्या कामाला लागला होता. रोलरमध्ये अडकलेला कापूस काढायला त्यानं हात घातला. दवाखान्यात मीच त्याच्याजवळ होते, पण पट्टी सुटल्यावर तो हात त्यानं मलाही नीट पाहू दिला नाही. पुढच्या वर्षी मुलगी पाहायला निघालो तेव्हा तुझ्या आजोबांनी त्याच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला आणि बजावलं, "हात बाहेर काढू नको, लगन मोडते." तुझ्या आईला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. ती तशीच नांदत राहिली. पण आपण हिला फसवलं, हे त्याच्या मनातून गेलं नाही, आणि दुपट्टाही खांद्यावरून उतरला नाही.

पाचव्या बोटाचं म्हणशील तर तुझ्या आजोबांनी वेगळं काय केलं होतं? तरी मी तुला नको म्हणत नाही, तुझ्या मानेवर सुरी आहे आणि मी इथे आर्वीत चहा पीत बसले आहे. एवढंच म्हणते की ज्याचा हात, त्याला आधी विचारायला हवं. तुझ्याच्यानं ते व्हायचं नाही. रविवारी मी तळेगावला जाते आणि चित्र त्याच्यापुढे ठेवते. ओरडलाच तर माझ्यावर ओरडेल. मला निम्मंच ऐकू येतं.

धीर सोडू नकोस. आशीर्वाद कमी पडले तर पुन्हा मागून घे.
तुझी,
आत्या


वर्धा
९ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू तळेगावला जाऊ नकोस. हे पत्र रविवारच्या आत तुला मिळावं म्हणून घाईत लिहिते आहे.

काल मी पाचवं बोट जोडलं. ईरा म्हणाली आता कसं छान वाटतं. फळ्यावर लावलं तर कोणी काही बोललं नाही, उलट दोघींनी येऊन अभिनंदन केलं. मीरा मॅडमनी विचारलं, चूक दुरुस्त केलीस ना, आणि मी हो म्हणाले. तोंडातून हो निघून गेल्यावर कळलं, की पहिलं चित्र मशीनचं होतं असंच मी कबूल केलं. तक्रार आता होणार नाही म्हणाल्या. पोरवयात असं होतं म्हणाल्या.

प्रकरण मिटलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाचनालयावरून जाताना मी मान खाली घालते. तो हात आता बघवत नाही, कोणा परक्याचा वाटतो. आणि तू जर ते पहिलं चित्र बाबांना दाखवलंस, तर त्यांना दुखवून पुन्हा मी इकडे त्यांचं तुटलेलं बोटही लपवलं, असं होईल. दोन्हीकडून मीच वाईट. कृपा करून ते चित्र तुझ्याच कपाटात ठेव.

रागावू नकोस. माझ्यावर लोभ ठेवायला तुलाच जमतं.
तुझी,
काजल


तळेगाव (श्यामजी पंत)
१२ जानेवारी २०२६

चि. काजलले बाबाचे आशीर्वाद.

मले पत्र लिहायची सवय नाई, म्हणून बोलतो तसंच लिहून राह्यलो. इकडे समदे बरे आहेत. कपाशीची तिसरी वेचणी सुरू आहे. तुह्या आईची कंबर धरली, तरी वावरात येतेच.

काल रुख्मिणीबाई आलती. जेवण झाल्यावर तिनं कॉलेजातलं समदं सांगून चित्र माह्यापुढे ठेवलं अन् आपण अंगणात जाऊन बसली. मी ओरडलो नाई. राग आला होता, खोटं काऊन बोलू. मंग बोंड पाह्यलं. बोंड बरोबर काढलं तू, पाकळीपाशी कापूस कसा दबून राह्यते तेही दिसते. मंग बोटं मोजली. तीनदा मोजली.

बेटा, हात चुकला आहे. माही करंगळी शाबूत आहे. गेलं ते तिच्या बाजूचं बोट, अन् मधलं अर्धं. करंगळी मी आत दुमडून ठेवतो, मधली रिकामी जागा दिसू नये म्हणून. दुपट्ट्याखाली तुले वाटलं असन, करंगळीच गेली. तुह्या मॅडम व्रणाचं म्हणे, ते खरं आहे. व्रण आहे, तळव्यातून पार मनगटापर्यंत जाते.

मले वाईट वाटलं ते याचंच. एकोणीस वर्षांची झाली माही पोरगी, अन् तिले बापाचा हात अंदाजानं काढावा लागला. याच्यात तुही चूक नाई. तुही आई चित्र पाहून म्हणाली, "लेकीनं झाकलेलाच हात काढला, उघडा तिले कोणी दाखवला?" 

आज रुख्मिणीबाईले तुहं दुसरं पत्र भेटलं. तिनं फोन करून समदं वाचून दाखवलं. तिले ऐकू येत नाई, पण वाचता चांगलं येते. पाच बोटाचा हात छापू नको. मॅडमले सांगजो, की पह्यला हात चुकला होता अन् दुसराही चुकला. मशीनचा नव्हता म्हणजो, माह्या पोरीचा होता.

शेजारचा भैयाजी मोबाइलवर फोटो काढून देतो म्हणे. मी नको म्हटलं. गुरुवारी सकाळच्या गाडीनं मीच येतो. शुक्रवारी छापाले जाते ना, मंग एक दिवस भेटते. तुह्या मॅडमच्या टेबलावर हात ठेवीन, समद्यांपुढे. तू समोर बसून पाहून काढजो. घाई करू नको. कितीही वेळ लागू दे, मी हलणार नाई.

तुहा बाबा,
रूपराव